‘निघा’ : सांगलीतल्या एका पूरफलकाच्या नोंदी

२ मे
मंडळाचे अध्यक्ष सकाळी चहाला आले आणि उठताना काम देऊन गेले. पावसाळ्याआधी गल्लीच्या तोंडाशी पुराचा फलक लावायचाय. दहा बाय वीसची लोखंडी चौकट मंडळाचीच, गणपतीत वापरतात ती. परवानगीचं ते बघतील. छपाईचे पैसे एक हळद व्यापारी देणार. माझे पैसे ‘बघू की’.

मजकूर वहीच्या पानावर लिहूनच आणला होता : ‘पुर आल्यास घाबरु नका, प्रशासनास सहकार्य करा.’ पूर दीर्घ, घाबरू दीर्घ, ते एक वेळ सोडून देऊ. पण हे वाचून माणसानं करायचं काय? घाबरू नका म्हटलं की माणूस बसून राहतो. २०१९ च्या पुरात आमची गल्ली अशीच बसून राहिली होती.

५ मे
कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन आलो. १९२९ चा पूल, त्यावरच्या फुटांच्या खुणांवर सगळं शहर चालतं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टात इथे दोन माणसं भेटली की ‘जेवलास का’ नंतर, आधी ‘पुलाला किती?’ २०१९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर ५७ च्या वर गेलं होतं.

मनात होतं की ४० हा आकडाच फलकभर करावा. दोन अंक, लांबून वाचता येतात, समजावून सांगावं लागत नाही. परत येताना चूक लक्षात आली. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट या काठच्या वस्त्यांत पुलाला ४० व्हायच्या आधीच पाणी शिरतं. आमच्या गल्लीच्या नदीकडच्या तोंडालाही तेच. तिथल्या माणसाला ४० दाखवणं म्हणजे ‘अजून वेळ आहे, झोपा’ असं सांगणं. आकडा बाद. उरला शब्द.

८ मे
सकाळपासून ‘पूर’ लिहीत बसलो. आधी बोरूनं, मग कट निबनं, शेवटी नुसत्या पेन्सिलीनं. तिसऱ्या तासाला उमगलं की वेगळं चित्र काढायची गरजच नाही. रोमन अक्षरं फळीवर मांडलेल्या बरण्यांसारखी खाली टेकून उभी असतात. आपली अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी वरच्या रेषेला लोंबतात. शिरोरेषा म्हणजे पाण्याची पातळी धरली तर अख्खा शब्द आपसूक पाण्याखाली जातो. वर राहतात फक्त मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार.

‘पूर’च्या डोक्यावर यातलं काहीच नाही. शब्द पुरता बुडालेला. दिसायला झकास, पण ‘पूर’ वाचून कोणी जागचं हलत नाही.

‘धोका’ करून पाहिला. ध ची शिरोरेषा सुरुवातीला तुटलेली असते, तीच त्याची ओळख. पाण्याला भोक पडलं. भोक बुजवून रेषा सलग केली तर झालं ‘घोका’. दहावीच्या क्लासची जाहिरात! ‘थांबा’मध्ये थ चं तेच दुखणं, आणि थांबा सांगायचंच नाहीये.

जेवताना ‘निघा’ सापडला. न आणि घ, दोन्हींची रेषा सलग. काना पाण्याखाली उभा. आणि न च्या आधी पहिली वेलांटी. तळातून उठते, रेषा फोडून बाहेर येते, वळून उजवीकडे झुकते. अख्ख्या शब्दात पाण्याबाहेर डोकं काढणारी ती एकटीच, आणि शब्द जे सांगतो तेच ती करते. भाजी गार झाली.

‘वेळीच निघा’ही काढून बघितलं. वर तीन गोष्टी आल्या : वे ची मात्रा, ळी ची वेलांटी, नि ची वेलांटी. हात वर करून बुडणारी तीन माणसं दिसायला लागली. ती पुराची बातमी झाली, पुराआधीची सूचना नाही. ‘वेळीच’चा कागद ड्रॉवरमध्ये टाकला, फाडला नाही.

११ मे
पुतणी आली होती. कलाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. स्केच बघून म्हणाली, “काका, हे जुनं आहे.”

जुनं आहेच. संस्कृत कवी माघानं युद्धाच्या वर्णनात श्लोकाची अक्षरं चक्रात बसवली, मृदंगाच्या आवळलेल्या दोऱ्यांसारखी गुंफली, चालत्या बैलाच्या मुताच्या नागमोडी रेषेत लिहिली आणि तिला गोमूत्रिका असं सरळ नावही आहे. अमेरिकेत हर्ब लुबालिननं १९६५ साली ‘मदर अँड चाइल्ड’ या नावाची मुद्रा (लोगो) केली : मदरमधल्या गोल ओच्या पोटात ‘अँड’ची खूण, आणि त्या खुणेच्या पोटात ‘चाइल्ड’. एकही चित्र नाही, पण गर्भ दिसतो. पुतणीला मी ती मराठीत करून दाखव म्हणालो. अर्धा तास ‘आई’शी झटापट केली आणि सोडून दिलं. रोमन ओ हे मुळात रिकामं भांडं आहे, त्यात काहीही ठेवता येतं. आपल्याकडे मोकळी जागा अक्षराच्या पोटात कमी आणि रेषेच्या वर-खाली जास्त. युक्ती उसनी घेता येते, जागा आपलीच शोधावी लागते.

मग तिला कमल शेडग्यांच्या नाट्यजाहिराती दाखवल्या. कात्रणांची फाइल माझ्याकडे आहे, २०१९ ला माळ्यावर होती म्हणून वाचली. वर्तमानपत्रात एक-दोन कॉलमांची जागा, त्या कागदावर फोटो म्हणजे काळा डाग. मग अभिनय अक्षरांनीच करायचा. नाव वाचायच्या आधी कळायचं, हे हसवणार की रडवणार. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं, त्या गावात मला अक्षरांचं हे नाटक पेपरच्या शेवटच्या पानांवर भेटलं.

आपल्या बाजारात मात्र अक्षरचित्र म्हणजे अक्षराला कपडे चढवणं. आइस्क्रीमच्या अक्षरांवर बर्फाची टोपी, रसवंतीच्या अक्षरांतून थेंब, भडंगाच्या काना-मात्रांच्या जागी लाल मिरच्या. वाईट नाही, भूक लागते. पण मिरची काढून घेतली तर खाली राहतं ते कुठलंही अक्षर. मला वेलांटी अशी हवी की ती काढली तर शब्दही जावा आणि चित्रही.

१४ मे
मंडळाची बैठक, देवळाच्या ओट्यावर. स्केच दाखवलं. पहिला प्रश्न : “यातनं गणपती नाही का काढता येणार?” अक्षरगणेशानं माझ्या धंद्याचं जेवढं भलं केलंय तेवढंच नुकसान. कुठलंही नाव द्या, त्यातून सोंड काढून मागतात.

दुसरा प्रश्न रंगाचा. पाणी निळं का नाही? म्हटलं, आपल्या दारात आलं होतं ते निळं होतं का? गप्प झाले. कृष्णेचं पुराचं पाणी मातकट असतं. निळ्या पाण्यात शब्द बुडवला तर तो पोहण्याच्या तलावाचा बोर्ड होतो.

तिसरी अडचण खरी. कार्यकर्त्यांची नावं कुठे? मी सगळ्यात खालच्या पट्टीत घेतली होती, एका ओळीत. अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आमची नावं पाण्यात?”

“खाली जागा आहे म्हणून—”

“आवो, मंडळाचं नाव बुडवायला तुम्हाला काम दिलं का आम्ही?”

ओटा हसला, ते हसले नाहीत. आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मी रेषेखालचं सगळं पाणी आहे असं ठरवलं, मग रेषेखाली जे येईल ते बुडणारच. ही भाषा मीच सुरू केलीय, ती फक्त माझ्या सोयीपुरती खरी ठेवता येणार नाही. नावं वर घ्यायची तर वेलांटीची एकटीची जागा जाते. तिढा.

१५ मे
तिढा त्यांनीच सोडवला. वर नावं नकोत, बारा जणांचे फोटो घ्या. नमस्कार केलेले.

१७ मे
फोटो टाकून नमुना काढला आणि काही न बोलता अध्यक्षांच्या मोबाइलवर पाठवला. बारा हसरे चेहरे, आणि त्यांच्याखाली केवढा तरी मोठा शब्द : निघा.

संध्याकाळपर्यंत गल्लीत तो सगळ्यांच्या मोबाइलवर. कोणी तरी खाली लिहिलं, ‘कधी एकदा निघताय याचीच वाट बघतोय.’ रात्री नऊला फोन आला. फोटो नकोत. नावं नकोत. ‘मंडळ’ एवढंच कोपऱ्यात घाला, बारीक.

मी हे ठरवून केलं नव्हतं. निम्मं ठरवून केलं होतं.

२१ मे
दुसरा फलकही करून पाहिला, ‘कागद’. २०१९ नंतर आमच्या गच्चीवर आईनं दोरी बांधून सातबारा, रेशनकार्ड, माझी दहावीची गुणपत्रिका चिमट्यांनी वाळत घातली होती. शाई पसरून गुणांचे आकडे पुसट निळे झाले होते, शिक्का तेवढा शाबूत. तीच शिरोरेषा, पण इथे दोरी झालेली. क, ग, द तिला चिमट्यांनी लटकलेले, कडा वाळून वळलेल्या. आजवर मी काढलेल्यांतलं हे सगळ्यात देखणं काम असेल.

पण लावायचं नाही. हा फलक पूर ओसरल्यावर काय होतं ते सांगतो, आणि ते गल्लीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शिवाय एका फलकात रेषा पाणी आणि दुसऱ्यात दोरी, असं शेजारी-शेजारी चालत नाही. आईला दाखवला. “चिमटे लाकडाचे होते,” एवढंच म्हणाली.

२७ मे
फ्लेक्सवाल्याकडून पहिला नमुना आला. दोन अपघात.

एक. मातकट रंग छापून चॉकलेटी आला. अध्यक्षांचा नातू म्हणाला, “चॉकलेटची जाहिरात?” किरमिजी कमी करून पिवळा वाढवायला हवा, आणि काळ्याला हातच लावायचा नाही. आपला पूर थोडा हळदीकडे झुकतोच, हळदीच्या पेठेचं गाव आहे.

दुसरा जास्त वाईट. घाईत मी अक्षरांच्या कडा गोठवायच्या, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकायचं, विसरलो आणि फाइल तशीच धाडली. तिकडे कोरलड्रॉची जुनी आवृत्ती. युनिकोडमध्ये आपण आधी न टाइप करतो, मग वेलांटी. ती उचलून न च्या आधी नेऊन मांडायचं काम सॉफ्टवेअरचं. जुन्या आवृत्तीला ते येत नाही. वेलांटी न च्या मागे राहिली आणि घ वर जाऊन आदळली : ‘नघिा’. दहा बाय वीसचं ‘नघिा’. छापणाऱ्या पोराला वाटलं, डिझाइन आहे. त्याला दोष कसा देऊ, गेला महिनाभर मी सगळ्यांना अक्षरं वाकडी-तिकडी करूनच दाखवतोय.

खालची बारीक ओळ तेवढी ‘मंगल’मध्ये उघडून सरळ छापली होती. संगणकावरचा हा अगदी साधा टाइप आर. के. जोशींचा. ज्या माणसाच्या हातून अक्षर कागदावर नाचायचं, त्यानंच आपल्याला हे मुकाट रांगेत उभं राहणारं अक्षरही दिलं. काल रात्री त्याच्यामुळेच एक ओळ वाचली.

३० मे
चाचणी. नमुना टपरीच्या समोर उभा केला आणि चहा पिणाऱ्यांना विचारलं, काय दिसतंय? वाचता सगळ्यांना आलं. दिसलं मात्र वेगळंच : छत्रीची मूठ. रिक्षावाला : “पाऊस हाय, छत्री घिऊन निघा.” भाजीवाल्या मावशी : “काठी. म्हाताऱ्या माणसांना आधी न्या म्हणताय व्हय?” मावशींचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला होता, पण माझा नव्हता.

पुतणीचा उपाय, वेलांटीच्या टोकाला पाच बोटं काढ. म्हणजे पुन्हा मिरची. मी बोटं नाकारली आणि वेलांटीचं वळण सैल केलं. न च्या डोक्यावर गोल न वळवता तिला घा च्याही पलीकडे लांबवली. मूठ गेली. आता ती पाण्यातून निघून वरून चालत गेलेल्या वाटेसारखी दिसते. रंग एकट्या तिला हळदीचा पिवळा, बाकी अक्षरं पांढरी.

रिक्षावाल्याला पुन्हा विचारलं. “रस्ता हाय की. कुठं जातो?”

कुठे जातो? माझ्याकडे उत्तर नव्हतं. फलकाच्या कडेपर्यंत जातो.

६ जून
फ्लेक्स चढला. बरा दिसतो. पण पंधरा फूट वर आहे. तिथे पाण्याची रेषा म्हणजे नुसती कल्पना.

गल्लीत मधोमध एका जुन्या वाड्याची लांब भिंत आहे. तिच्यावर २०१९ च्या गाळाचा डाग अजून दिसतो, चुन्याखालूनसुद्धा. शिरोरेषा काढायची तर तिथे. जिथे पाणी होतं नेमकं तिथे. म्हणजे वाचणारा माणूस उभा राहिला की शब्दाबरोबर तोही रेषेच्या खाली. शिवाय भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं तर उजवा हात गल्लीच्या वरच्या तोंडाकडे, डावा नदीकडे. पहिली वेलांटी उजवीकडेच वळते. रिक्षावाल्याचं उत्तर भिंतीवर आहे.

मालकांनी परवानगी दिली. अट एकच, ‘खाली जाहिरात नको’.

१२ जून
पेंटरकाका आले. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम निम्म्यावर आलंय, तरी ब्रशांचा डबा तसाच चकचकीत. स्केच उलटसुलट करून पाहिलं.

“अक्षर जड हाय तुमचं. आन ह्यो वेलांटीचा पसारा? शिडी सरकवून सरकवून कंबर जाईल.”

मग भिंतीपाशी जाऊन डागावर हात फिरवला. मी टेप काढला. रस्त्यापासून उंची मोजून खुणा करू म्हटलं. त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. गल्ली उतरती आहे. रस्त्यापासून मोजली तर रेषाही रस्त्याबरोबर उतरेल. “पाणी कवा उतरतं व्हतं का?”

गवंड्याकडून लेव्हलची नळी आणली. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी, पाणी भरलेली. एक टोक काकांनी डागाशी धरलं, दुसरं मी भिंतीच्या शेवटी. दोन्हीकडचं पाणी थरथरून स्थिर झालं की “हां” म्हणायचं आणि खडूनं खूण करायची. मग गेरूत बुडवलेला दोरा ताणून आपटला. नदीकडच्या टोकाला रेषा माझ्या डोक्यापेक्षा वीतभर वर, दुसऱ्या टोकाला कपाळाशी. पाण्याची पातळी पाण्यानंच काढली. महिनाभर संगणकावर जी रेषा मी बोटानं ओढत होतो, तिला आज पहिल्यांदा वजन आलं.

१३ जून
प्रायमर. पाऊस. बंद.

१६ जून
शिरोरेषा रंगवली. पांढरी, दोन बोटं जाड. काका एका दमात तीन हात पुढे जातात, ब्रश उचलत नाहीत. शाळेतून येणारी पोरं थांबून रेषेखाली उंची मोजत होती. एक जण उडी मारून ‘मी वाचलो’ म्हणाला.

दुपारी समोरच्या घरातल्या वहिनी बाहेर आल्या. कमरेवर हात ठेवून बघितलं.

“चुकलंय तुमचं. पाणी ह्याच्यापेक्षा वर होतं.”

काका म्हणाले, डाग बघूनच रेषा मारलीय. वहिनी आत गेल्या आणि आम्हाला बोलावलं. जिन्याच्या भिंतीवर खिळ्यानं ओढलेला एक ओरखडा. पाणी चढत होतं तेव्हा त्या जिन्यावर बसून दर तासाला ओरखडा काढत होत्या. खालचे सगळे रंगात गेले, शेवटचा त्यांनी कोणाला रंगवू दिला नाही.

नळी पुन्हा काढली. दारातून, गल्ली ओलांडून, भिंतीपर्यंत. मध्ये एक स्कूटर थांबवावी लागली. त्यांचा ओरखडा आमच्या रेषेच्या खालच्या कडेपेक्षा बरोबर चार बोटं वर.

मग काकांनी उलगडलं. गाळाचा डाग पाणी जिथे जास्त वेळ उभं राहिलं तिथे पडतो. सगळ्यात वर पाणी थोडाच वेळ असतं, तिथे भिंत नुसती भिजते आणि वाळते. आमची रेषा मुक्कामाची, वहिनींची माथ्याची. बरोबर वहिनींची.

पुसून पुन्हा काढायची? काका शिडीवर चढले आणि दोन बोटांची रेषा वरच्या बाजूनं चार बोटं केली. “वरली कड म्हंजे पाणी. जाडी म्हंजे शिरोरेषा. जमलं?” जमलं. अक्षर जड आहे म्हणून तक्रार करणाऱ्या माणसानंच ते आणखी जड केलं आणि आता ते जास्त बरं दिसतंय.

१९ जून
न, घ, काना झाले. मातकट पाणी झालं, दोन हात मारून. वेलांटी उद्या, उघडीप मिळाली तर. हळदीचा पिवळा काका हातानं घोटतात, डब्यातला त्यांना पसंत नाही.

२० जून
वेलांटी झाली. साडेअकरा फूट, शिडी पाच वेळा सरकवून. तिचं टोक भिंतीच्या कोपऱ्याशी संपतं आणि तिथून खरा रस्ता वर चढतो. काकांनी कंबरेला हात लावला आणि चहा मागितला.

२२ जून
वहिनी म्हणतात, आमच्याही भिंतीवर काढा. ओरखडा आमचा, मग शब्द का नको?

अडचण अशी की त्यांची भिंत समोरची. तिच्याकडे तोंड केलं की उजवीकडे नदी. ‘निघा’ तिथे काढला तर वेलांटी माणसांना थेट पाण्यात घालेल. उलटी काढता येत नाही, वेलांटी आहे ती.

रात्री ड्रॉवर उघडला. ‘वेळीच’. ळी ला दुसरी वेलांटी : दांडा उजवीकडे, वळण डावीकडे. वहिनींच्या भिंतीवर डावीकडे म्हणजे गल्लीचं वरचं तोंड. दोन भिंतींवर दोन वेलांट्या, एकीकडची पहिली, दुसरीकडची दुसरी, दोघी एकाच दिशेला. मधून चालणाऱ्याला आधी एका हाताला ‘वेळीच’, मग दुसऱ्या हाताला ‘निघा’, म्हणजे नदीकडून वर येताना. वरून खाली येणाऱ्याला उलटं वाचावं लागेल. चालेल, पुराच्या दिवशी त्या बाजूनं येणारा नावाडी असतो.

२३ जून
‘वेळीच’ची अडचण : वे ची मात्रा. वेलांटी डावीकडे लांबवली की नेमकी तिच्यावर आदळते. मात्रा वेलांटीखाली घेतली तर चिरडल्यासारखी दिसते, वेलांटी मात्रेवरून नेली तर भिंतच पुरत नाही, वहिनींची खिडकी मध्ये येते. काकांना विचारलं. ते म्हणाले, आधी नळी आणा, रेषा तर मारू.

आणायचं : पांढरा ऑइल पेंट एक लिटर, हळदी पिवळ्यासाठी पूड, गेरू, दोरा. नळी गवंड्याला परत केलीय, पुन्हा मागायची. वहिनींना खिडकीचं विचारायचं.